हिरव्या खुणेची सहा वर्षं

कंपनीत त्यांना सगळे पायरीकाका म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ग्राहकांच्या फायली दूर कुठेतरी मोठमोठ्या यंत्रांवर सांभाळून ठेवायच्या, हा कंपनीचा धंदा. त्या फायली तिथे पाठवायच्या कशा, परत आणायच्या कशा, हे सांगणारी पानं कंपनी लिहायची आणि इंटरनेटवर ठेवायची. ती पानं ग्राहकाच्या आधी वाचायची आणि एकेक पायरी लिहिल्याबरहुकूम करून बघायची, हे काकांचं काम. लिहिलंय तेवढंच करायचं, आपली अक्कल चालवायची नाही. बहुतेक नोकऱ्यांत अक्कल चालवण्याचा पगार मिळतो. काकांना ती गुंडाळून ठेवण्याचा मिळायचा. हसू नका. माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखं वागणं भल्याभल्यांना जमत नाही, एकदा करून बघा.

त्याआधी बावीस वर्षं काका मिक्सरच्या कारखान्यात होते. खोक्यात वरच घडी घालून ठेवलेलं जे पत्रक असतं आणि जे लोक न वाचताच फेकून देतात, ते काका लिहीत. कारखाना बंद पडला तेव्हा वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ते या कंपनीत मुलाखतीला आले. दस्तऐवज विभागाच्या प्रमुख मॅडमनी त्यांना समोर बसवून एक पान दिलं. काकांनी ते बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "दुसऱ्या पायरीत 'सहजपणे उघडा' लिहिलंय. ज्याला सहजपणे उघडत नाही त्याने काय करायचं?" मॅडमनी ते पान परत घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचणारा कुणी नाहीये. कधी येताय?"

तर अशा तऱ्हेने काका आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं डोकं फिरलं. कंपनीत चाळीस माणसं आणि चाळिसांपुढे एकाच घडणीचे चंदेरी लॅपटॉप. त्या लॅपटॉपवर जे हुकूम चालत तेच दूरच्या त्या मोठ्या यंत्रांवरही चालत, कारण दोघांचं घराणं एक. लिहिणारे आपल्या लॅपटॉपवर काम करायचे, जे केलं ते पानावर उतरवायचे आणि मोकळे व्हायचे. विंडोज वापरणाऱ्यासाठी पानाच्या तळाशी एक ओळ असायची: 'विंडोज वापरकर्त्यांनी योग्य ते बदल करून घ्यावेत.' आणि मदत मागायला फोन करणाऱ्या दहा ग्राहकांत सहा असायचे विंडोजवाले! दवाखाने, दुकानं, शाळांची ऑफिसं. जगाचा गाडा ज्यांच्या टेबलावर चालतो ती सगळी माणसं.

"योग्य ते म्हणजे कोणते?" काकांनी भर बैठकीत विचारलं होतं. "मिक्सरच्या पत्रकात 'भांडं योग्य त्या दिशेने फिरवा' असं मी लिहिलं असतं, तर बायकांनी तेच भांडं माझ्या डोक्यात घातलं असतं."

लिहिणाऱ्यांनी नाकं मुरडली. विंडोज म्हणजे त्यांच्या दृष्टीने लांबच्या नात्यातलं माणूस, लग्नाला बोलवायचं पण पंगतीत शेवटी बसवायचं. पण काकांनी पिच्छा सोडला नाही. हट्टाने एक विंडोजचं यंत्र मागून घेतलं, झेरॉक्स मशीनशेजारच्या कोपऱ्यात मांडलं आणि पानांमागून पानं त्यावर चालवून बघायला लागले. जे पान चाललं त्याच्या माथ्यावर एक हिरवी खूण यायची आणि पुढे शब्द यायचे: 'विंडोजवर तपासलं आहे.' सहा वर्षांत अशी एकशे चाळीस पानं झाली. काकांनी मनातल्या मनात शेखी मिरवली असेल तर मिरवली असेल, मी त्यांना दोष देणार नाही. संध्याकाळी घरी जाताना माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटत असेल, तर त्याच्यासारखा सुखी तोच.

काका खरंच सुखी होते. दोन खोल्यांचं घर होतं, गॅलरीत काकूंच्या कुंड्या होत्या आणि रविवारी दुपारी ताई यायची. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. लहानपणी तिने त्यांना बुटाची नाडी बांधायला शिकवली होती, घड्याळ बघायला शिकवलं होतं, आणि शाळेचे सगळे अर्ज तीच भरायची. आता ती एका कानतपासणी केंद्रात नोंदी ठेवायची. कुणाला कुठला आवाज ऐकू येतो आणि कुठला येत नाही याचे कागद गेली अठरा वर्षं तिच्या हाताखालून गेले होते. काकांना ती अजूनही 'धाकट्या' म्हणायची आणि काका सत्तावन्नाव्या वर्षीही त्या हाकेला लगेच उठायचे.

लागोपाठ तीन रविवार ताई आली नाही.

"डोकं दुखतंय म्हणे," काका म्हणाले.

काकू पालेभाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीन रविवार एकच डोकं दुखत नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या तुम्हाला टाळतायत. आणि तुम्हाला काही सांगू नकोस म्हणाल्यात, म्हणून सांगतेय." काकूंनी ताट बाजूला सारलं. "त्या नोकरी सोडतायत."

काकांना पटेना. ताई आणि नोकरी सोडणार? ताईला सुट्टीच्या दिवशी चैन पडायचं नाही.

काकूंनी मग सगळं सांगितलं. केंद्रातला जुना संगणक मोडकळीला आला होता, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या नोंदी दूरच्या यंत्रावर ठेवायचं ठरवलं. कुठली कंपनी घ्यायची, असं त्यांनी विचारलं तेव्हा ताईने मोठ्या अभिमानाने सांगितलं, 'माझ्या भावाची घ्या. तिथली पानं तोच तपासतो.' महिनाअखेरपर्यंत नोंदी पाठवून व्हायला हव्या होत्या, आणि ताई तिसऱ्या पायरीच्या पुढे सरकत नव्हती.

"मग मला विचारायचं ना!"

"कशी विचारणार? तुम्ही तपासलेलं पान. त्यावर तुमची ती हिरवी खूण. जगाला जमतं ते आपल्यालाच जमत नाही, असं झालंय त्यांचं. डॉक्टरांना म्हणाल्या, माझं डोकं आता चालत नाही, एखादी तरतरीत मुलगी बघा. आता त्यांच्यापुढे तुम्ही जाऊन शहाणपणा पाजळू नका म्हणजे झालं."

शनिवारी दुपारी केंद्र लवकर बंद व्हायचं. काका तिथे पोचले तेव्हा ताई एकटीच होती, खुर्च्या सरळ करत होती. भावाला दारात बघून तिचा चेहरा उतरला.

"वहिनीच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली.

"नाही राहत. दाखव मला काय केलंस ते."

ताईने खणातून वही काढली. काकांनी तपासलेलं ते पान तिने आपल्या गोल अक्षरात जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, कारण पडद्यावर बघत बघत करताना ओळ चुकते असं तिला वाटलं. तिसऱ्या पायरीसमोर समासात पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या होत्या. एकेका प्रयत्नाची एक रेघ. काकांनी मोजल्या, त्या अकरा होत्या.

"मी ढ झालेय रे धाकट्या," ताई म्हणाली. तिने ते हसत हसत म्हणायचा प्रयत्न केला. "काल एका आजोबांचं नाव दोनदा विचारलं. आईचंही असंच सुरू झालं होतं, आठवतं ना?"

काकांना आठवत होतं. "वाच आणि कर," ते म्हणाले, "मी मध्ये बोलणार नाही."

ताईने बोट ठेवून पहिली पायरी वाचली आणि केली. दुसरी वाचली आणि केली. तिसरीतला हुकूम तिने एकेक अक्षर जुळवून टाइप केला, परत ताडून बघितला आणि बटण दाबलं. हा हुकूम आपल्या ओळखीचा नाही, असं संगणकाने निर्विकारपणे सांगितलं. काकांनी खुर्ची ओढली आणि स्वतः केलं. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. पान त्यांचंच होतं, खूणही त्यांचीच होती, आणि त्यांच्या ऑफिसातल्या यंत्रावर ही पायरी त्यांनी शंभरदा केली असेल.

"तू पहिल्या पायरीत काय उघडलंस?" त्यांनी विचारलं.

"हेच. पानात 'टर्मिनल उघडा' म्हटलंय. इथे टर्मिनल नावाचं काही नाही, म्हणून हुकूम द्यायची ही जी काळी खिडकी आहे ती उघडली. ही नाही का ती?"

हीच होती. विंडोजमध्ये हीच असते. मग काकांच्या यंत्रावर 'टर्मिनल' नावाचं जे चित्र होतं ते कुठून आलं? काका विचार करायला लागले आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

सहा वर्षांपूर्वी यंत्र मांडलं त्या पहिल्या आठवड्यात एकही पान त्यांच्या विंडोजवर चाललं नव्हतं. काकांनी एकामागून एक तेवीस तक्रारी लिहिल्या होत्या. एके दिवशी ते चहा पिऊन परत आले, तर कंपनीची यंत्रं सांभाळणारा गृहस्थ त्यांच्या टेबलापासून उठत होता. 'आता चालेल बघा काका,' असं म्हणून तो गेला, आणि खरंच सगळं चाललं. काका खूश झाले. आपल्या तक्रारींवरून पानं दुरुस्त केली, असंच ते समजून चालले. त्या भल्या माणसाने पानांना हातही लावला नव्हता. चंदेरी लॅपटॉपांचे हुकूम समजणारी एक उसनी खिडकी त्याने काकांच्या यंत्रात बसवून दिली होती. काकांचं यंत्र बाहेरून विंडोज होतं आणि आतून त्या चाळिसांतलंच एक झालं होतं. त्यावर सहा वर्षं काका डोळ्यांत तेल घालून तपासत होते आणि हिरव्या खुणा करत होते.

म्हणजे विंडोजवाल्यांची बाजू घेऊन कंपनीत भांडणारा एकमेव माणूसच त्यांना सहा वर्षं तोंडघशी पाडत होता. पूर्वी पानाच्या तळाशी निदान 'योग्य ते बदल करा' असं तरी लिहिलेलं असायचं. लोकांना कळायचं की आपल्याला वाऱ्यावर सोडलंय. काकांच्या खुणेने तेवढंही काढून घेतलं होतं. अशी किती माणसं कुठल्या कुठल्या टेबलांशी बसून समासात रेघा मारत असतील?

आता एक गोष्ट करता आली असती. तीच उसनी खिडकी ताईच्या संगणकात दहा मिनिटांत बसवता आली असती. कानतपासणीचं यंत्र जोडलेल्या संगणकात बाहेरचं काही घालायचं नाही असा डॉक्टरांचा नियम होता, पण कुणाला कळलं असतं? ताईचं काम झालं असतं, काकांची खूण शाबूत राहिली असती. काकांच्या मनात ते आलं, हे मी लपवणार नाही. आणि आपल्यालाही असंच गप्प केलं होतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"ताई," ते म्हणाले, "तू अकराही वेळा बरोबर केलंस. पान चुकीचं आहे. मी चुकीच्या पानावर खूण केलीय."

ताईने वही मिटली. "पुरे. उगाच माझी समजूत काढू नकोस."

"अगं, खरंच सांगतोय."

"तू लहानपणी पडलास की मी जमिनीला चापट मारायचे, 'हिनेच पाडलं तुला' म्हणून. तसं चाललंय तुझं. मला कळतं रे." तिचे डोळे भरून आले होते. "घरी जा. मी कुलूप लावते."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीशी इतकं खरं बोलून खोटेपणाचा आळ पदरात पाडून घेतला. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले आणि दोन थांबे पुढे गेले.

सोमवारी मॅडम येण्याआधी काका त्यांच्या केबिनबाहेर उभे होते. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही, कपाटातून एक नवं, कोरं विंडोजचं यंत्र काढून दिलं आणि म्हणाल्या, "आधी दहा पानं बघा."

दहांतली सात पानं त्यावर चाललीच नाहीत.

"सोपा उपाय आहे," मॅडम म्हणाल्या. "पानाच्या वर लिहू, आधी ती खिडकी बसवून घ्या म्हणून."

"घरी पाहुणा आला तर आपण त्याला म्हणतो का, की आधी आमच्यासारखे कपडे शिवून घ्या?" काका म्हणाले. "आणि ज्यांना बाहेरचं काही बसवता येत नाही त्यांनी काय करायचं? विंडोजची स्वतःची खिडकी आहे, स्वतःचे हुकूम आहेत. त्यात लिहू. आणि आज सगळ्या खुणा काढू."

"सगळ्या? ज्या पानांवर बरोबर आहेत त्या तरी राहू द्या."

"कुठल्या बरोबर आहेत ते मला तरी कुठे माहीत आहे?"

दुपारपर्यंत एकशे चाळीस पानांवरच्या हिरव्या खुणा गेल्या. काका स्वतः बसून एकेक काढत होते. शेवटची काढली तेव्हा त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं. लिहिणाऱ्यांपैकी दोघांना मॅडमनी विंडोजची यंत्रं घ्यायला लावली. दोघांनी दोन दिवस असा चेहरा केला की जणू त्यांना उजवा हात बांधून जेवायला बसवलंय. तिसऱ्या दिवशी त्यातला एक काकांकडे आला आणि म्हणाला, "काका, हे लोक आपल्याला शिव्या कशा देत नाहीत हो?"

"देत नाहीत," काका म्हणाले. "स्वतःला देतात."

ताईचं पान काकांनी सगळ्यांत आधी घेतलं. ते रोज कोऱ्या यंत्रावर बसत. लिहीत, करून बघत, खोडत, परत लिहीत. गुरुवारी पान तयार झालं. त्यावर त्यांनी नव्याने हिरवी खूण केली आणि माथ्यावर तीन ओळी घातल्या: 'या पानावर आधी तपासल्याची खूण होती. ती चुकीची होती. पायऱ्या नीट करूनही तुम्ही अडला असाल, तर चूक तुमची नव्हती.'

"कंपनीच्या पानावर असं कोण लिहितं?" मॅडम म्हणाल्या. ओळी परत एकदा वाचून म्हणाल्या, "असू दे."

संध्याकाळी काकांनी ताईला फोन केला. नवीन पान आलंय, एकदा करून बघ, असं सांगितलं. ताई म्हणाली, डॉक्टरांनी मुलगी बघितलीय, सोमवारी येणार आहे, तीच करेल. काका म्हणाले, "बरं. पण माथ्यावरच्या तीन ओळी तेवढ्या वाच." मी शेजारी येऊन बसतो, असं म्हणायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. शेजारी बसलं की हात पुढे जातो, आणि मग केलं कुणी याचा काही पत्ता लागत नाही.

शुक्रवारी सकाळपासून काकांचं कशात लक्ष नव्हतं. चहा दोनदा गार झाला. अकरा वाजता फोन वाजला.

"धाकट्या," ताई म्हणाली, "तुझ्या पानात सातव्या पायरीला चूक आहे."

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"पाचव्या पायरीत तू फोल्डर डी ड्राइव्हवर करायला सांगितलंयस. सातवीत तेच फोल्डर सी ड्राइव्हवर शोधायला सांगतोस. सापडेल कसं?"

"तू नीट बघितलंस ना?"

"मी नीटच बघते," ताईचा आवाज अठरा वर्षं नोंदी ठेवणाऱ्या बाईचा होता. "तू बघ."

काकांनी पान उघडलं. पाचवी पायरी वाचली, सातवी वाचली. बुधवारी एका प्रयत्नात केलेलं जुनं फोल्डर त्यांच्या यंत्रावर सी ड्राइव्हवर तसंच राहून गेलं होतं, म्हणून त्यांना ते सापडलं. ताईच्या यंत्रावर ते सापडायचं काही कारण नव्हतं. तिने दहा मिनिटांत पकडलं होतं.

"तुझं बरोबर आहे," काका म्हणाले. आपली चूक सापडल्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. "मग तू किती वेळा करून बघितलंस?"

"एकदाच. परत कशाला करू? मी बरोबर केलं होतं. सीच्या जागी डी घातलं आणि पुढे गेले. अठरा वर्षांच्या सगळ्या नोंदी पोचल्या वर, मोजून बघितल्या." मागे कुणीतरी तिला काही विचारलं. फोनवर हात ठेवून तिने त्याला बसायला सांगितलं आणि परत आली. "त्या मुलीचं मी डॉक्टरांना सांगितलंय, येऊ दे म्हणून. मला हाताखाली कुणीतरी लागेलच, आठवडाभर बघते तिला काय काय येतं ते. आणि तू ती सातवी पायरी दुरुस्त कर. तोवर खूण काढून टाक, लोक अडतील."

काकांनी फोन कानाला धरूनच खूण काढली.

"काढलीस?" ताईने विचारलं.

"काढली."

"बरं, ठेवते आता. पेशंट बसलेत."